किल्ल्यांचा जुडगा

साथ आल्यावर सोसायटीच्या गेटला कुलूप सेक्रेटरींनी माझ्यामुळेच घातलं होतं. "तू हॉस्पिटलात नर्स. रोग घरी आणलास तर अख्खी सोसायटी आडवी होईल," म्हणाले. तेव्हापासून मी हॉस्पिटलातच झोपते. आज त्यांनाच न्यायला अँब्युलन्स घेऊन आले. गेटच्या आत ते खुर्चीत धापा टाकत होते. त्यांनी खिशातला किल्ल्यांचा जुडगा गेटकडे भिरकावला, पण तो मध्येच पडला. गजांमधून हात पोचेना. "कुणीतरी उचला!" मी बाहेरून ओरडले. आत जमलेले सगळे मागे सरले, माझा नवराही. "अहो, पायाने तरी ढकला!" "आधी फवारणी," तो म्हणाला, "सेक्रेटरींचाच नियम आहे." "मग करा की!" सगळे ऑफिसच्या दाराकडे वळले. फवारणीचं औषध ऑफिसात होतं आणि ऑफिसची किल्ली त्याच जुडग्यात. ड्रायव्हर हातोडा शोधायला धावला. सेक्रेटरींची मान कलली. नवरा लांबूनच म्हणाला, "कुलूप तुटलं तरी तू आत येऊ नकोस हं."