रूपरावांचं कपाट

"टेप भंगारात देत नाई म्हणजे नाई," रूपराव म्हणाले आणि कपाटाला पाठ लावून उभे राहिले.

बोरगाव मेघेजवळच्या त्या सूतगिरणीत संगणकाची खोली म्हणजे रूपरावांचं संस्थान. गिरणीची सगळी नोंद टेपवर उतरवायची आणि टेप कपाटात लावायच्या, हेच त्यांनी नोकरीभर केलं. कपाट इतकं कोरडं, इतकं कुलूपबंद, की दुर्गोत्सवाचे भोंगेही वर्षभर तिथेच, टेपांना टेकून असत. रूपरावांचा पेचकसही खिळ्याविना भोंग्याच्या पाठीवर सुखाने राही.

आता मॅनेजरने सगळं क्लाउडवर न्यायचं ठरवलं होतं. सगळं म्हणजे फक्त अलीकडचं. जुनं मोडीत.

या कामासाठी नागपूरहून आलेल्या मयुरीला रूपरावांनी बाहेर बाकावर बसलेली आनंदाबाई दाखवली. बंद पडलेल्या खात्यात तिने उमर घालवली होती. तिच्या नोकरीचा पुरावा या टेपांखेरीज कुठेच उरला नव्हता. तो गेला की पेन्शनही गेली.

"तिचं नाव क्लाउडवर चढत नाई, तवरिक मीबी इथून हलत नाई."

मॅनेजर चिडला, नोटिशीची भाषा बोलला. रूपराव बधले नाहीत. शेवटी मयुरीनेच त्यांची बाजू घेतली आणि मॅनेजरने नाइलाजाने मान हलवली. रूपरावांना जग जिंकल्यासारखं झालं. त्यांनी आनंदाबाईला आत बोलावून खुर्ची दिली.

"टेप नीट ठेवल्या होत्या ना, काका?" मयुरीने विचारलं. "धूळ, ऊन, लोहचुंबक, कशानेही खराब होतात."

"कोणाले विचारून राह्यली, पोरी?" रूपराव दुखावले. "लेकरावानी सांभाळल्या मी."

मयुरीने जुनी टेप मशीनमध्ये घातली. पडदा कोराच राहिला. दुसरी घातली, तिसरी घातली. काहीच नाही.

"मशीन बिघडलं असन," रूपराव म्हणाले.

टेबलावर कालची टेप पडली होती, अजून कपाटात न गेलेली. मयुरीने ती लावून पाहिली. ती लगेच उघडली.

"काय झालं जी, रूपरावभाऊ? माह्यं नाव नाई का त्याच्यात?" आनंदाबाईने विचारलं.

"थांब, आनंदाबाई. मशीन खोलूनच पाहतो."

रूपराव तरातरा कपाटाशी गेले. भोंग्याच्या पाठीवरचा पेचकस त्यांनी धरला आणि ओढला. तो, रोजच्यासारखाच, सुटता सुटेना.