सोनमाशी

दारातली चिंच मुळासकट उपटून भिवरा आणि तिच्या नवऱ्याने नदीत सोडून दिली होती, तरी सकाळी सोनमाशी आलीच.

मुठीएवढं ते यंत्र पानांचा वास घेत फिरायचं. मुळांनी जमिनीतलं सोनं ओढून घेतलेलं असलं, की ते त्या झाडावर बसायचं आणि त्याचा दिवा लागायचा. दिवा लागेल तिथे खाणवाले खणायला येत. शेजारच्या कोसमटोल्यात ते मोहावर बसलं होतं. दिवाळीपर्यंत तिथे पत्र्याचं अफाट शहर उभं राहिलं, आणि आपलं गाव नेमकं कुठे होतं, हे आता कोसमटोल्याच्या माणसांनाही सांगता येत नाही.

माशीने रिकाम्या खड्ड्यावर घिरट्या घातल्या. भिवराने श्वास रोखून धरला. माशी वर उठली.

"गेली," नवरा पुटपुटला.

ओसरीवर त्यांची मैना सागरगोटे खेळत होती. दात आल्यापासून त्याच चिंचेचा पाला आणि बुटुकं खाऊन वाढलेली पोर. माशी वळली आणि तिच्या वेणीवर अलगद बसली.

"आई, गुदगुल्या होतात गं," मैना हसली.

तिच्या केसांत दिवा लागला.