पळसदरीत कुणी बाळंत झालं नाही

जयवंता बाळंत झाली, मुलगा झाला. चांगला गुटगुटीत, आणि आवाज असा की छपरावरची चिमणी उडाली. पण तसं काही झालंच नाही. जयवंताची सासू सोनाबाई अंगणात आली, हात पदराला पुसले आणि समोरच्या ओटीवर बसलेल्या भिवाजी पाटलाला म्हणाली, "काय नाय. घाटाचं इंजिन वरडलं."

पाटलानं रुळांकडं बघितलं. रुळांवर एक म्हैस उभी होती.

"व्हय," पाटील म्हणाला. "हल्ली बारीकच वरडतात."

पळसदरीत कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. जयवंताची आधीची दोन लेकरं पाचवीच्या पुढेमागे गेली होती. जबडा बसला, दूध सुटलं, अंग ताठ झालं, संपलं. पाचवीला सटवी येते, कपाळावर नशीब लिहिते आणि लेकरू मनात भरलं तर घेऊनच जाते, हे गावाला ठाऊक होतं. दोन्ही वेळा सोनाबाईनं पाट मांडला, कोरा कागद ठेवला, दिवा लावला. एवढी खातिर केल्यावर कुठली पाहुणी रिकाम्या हातानं जाईल? या खेपेला सोनाबाईनं ठरवलं, मूल होऊच द्यायचं नाही. म्हणजे व्हायचं ते होईल, पण झालं म्हणायचं नाही.

अडचण सुइणीची होती. धाऊ सुईण विळा घेऊन निघाली की तिच्या मागोमाग सटवी निघते, असा सोनाबाईचा हिशेब. तेव्हा सटवीनं कधी न पाहिलेली बाई हवी. कर्जतच्या दवाखान्यात तशी एक होती, आनंदीबाई नर्स. मुंबईला बाळंतपणाचं काम शिकून आलेली. येऊन वर्ष झालं होतं आणि एकाही बाळंतपणाला तिला कुणी बोलावलं नव्हतं. सोनाबाईला ती पसंत पडली ती याच गुणावर.

"सुनेची दाढ दुखतेय म्हनून यायचं," सोनाबाईनं बजावलं होतं.

आनंदीबाई दाढेसाठी आली. तिनं कात्री उकळली, दोरा उकळला, हात कोपरापर्यंत साबणानं धुतले. दाढ पहाटे सुरू झाली आणि उन्हं वर यायच्या आत मोकळी झाली.

निघताना ती म्हणाली, "सोनाबाई, आधीची पोरं विळ्यानं गेली. मळक्या विळ्यानं नाळ कापली, वर शेणाची राख लावली. सटवीचा काय संबंध?"

"आसंल. पर विळ्याला आमच्या घरचा पत्ता कोन देतं?"

आनंदीबाईनं तो विषय सोडला. "नाळेला काही लावू नका. हात धुतल्याशिवाय बाळाला शिवू नका. बघायला माणसं आत सोडू नका."

"कोन येनार? जे झालंच नाय ते बघाया?"

"निदान पाटलाकडं जन्माची वर्दी द्या. वरचे लोक माझं काम त्यावरूनच मोजतात."

सोनाबाईनं ऐकू न आल्यासारखं तोंड केलं. आत बाळ चुटूचुटू पीत होतं. आनंदीबाईनं तो आवाज ऐकला आणि पिशवी उचलली.

घरात बाळंतिणीला देतात ती शेपाची धुरी घातली नाही, वासानं बोभाटा झाला असता. पाट मांडला नाही. दुसऱ्या दिवशी धाऊ विळा घेऊन दारात उभी.

"पोट कुठं गेलं गं सूनबाईचं?"

"वात व्हता. उतरला."

आतून वात रडला.

"इंजिन," सोनाबाई म्हणाली.

धाऊला राग आला होता. पण न झालेल्या बाळंतपणाला बोलावलं नाही, अशी तक्रार कुणाकडं न्यायची? ती त्या विळ्यानं गवत कापायला गेली.

पाचवी आली. सोनाबाई दिवसभर दारात तांदूळ निवडत बसली. निवडलेलेच पुन्हा निवडत होती. दिवस कलला तेव्हा आतून बराच वेळ आवाज आला नाही. ती उठली. आधी साबणानं हात धुतले, मग बाळाच्या ओठांत बोट दिलं. बाळानं ते ओढलं. चांगलं जोरात ओढलं. सोनाबाई बोट तसंच ठेवून बसून राहिली. तांदूळ चिमण्यांनी निवडले.

पोरगं रांगायला लागलं. बारशाचा प्रश्नच नव्हता. गाव त्याला इंजिन्या म्हणे. तेव्हापासून पळसदरीत बाळंतपणं बंदच झाली. ज्या त्या सुनेची दाढ दुखू लागली. आनंदीबाईच्या येण्याजाण्यानं कर्जतेपासून पायवाट पडली.

मग तालुक्याहून हुकूम आला. नर्सबाईंच्या हातून आजवर एकही बाळंतपण झाल्याची वर्दी नाही, त्याअर्थी त्यांची गरज नाही, सबब त्यांना इथून हलवण्यात येत आहे.

गाव चावडीवर जमलं. जयवंताला पुन्हा दिवस गेले होते. इंजिन्या पाटलाच्या मांडीवर बसून त्याची मिशी ओढत होता.

"खरं लिवू," पाटील म्हणाला. "पोरं दाखवू. सायेब बाईला ठेवतील."

"आन् सटवीनं वाचलं म्हंजे?" सोनाबाई म्हणाली. "ती कपाळावरचं लिवते. तिला तुमचा कागद वाचता येनार नाय व्हय?"

पाटलानं उचललेला टाक पुन्हा खाली ठेवला.

मागून धाऊ सुईण हळूच म्हणाली, "पाटील, लवकर लिवा. माज्या सुनेची बी दाढ दुखनार हाय. दिवाळीच्या सुमाराला."

पाटलानं मिशी सोडवून घेतली आणि लिहायला घेतलं:

"मेहेरबान मामलेदार साहेब यांचे सेवेशी, मौजे पळसदरी येथील समस्त रयतेचा अर्ज ऐसा जे, नर्सबाई आल्यापासून आमचे गावी कोणीही बाळंत झाले नाही व सर्व मुले सुखरूप आहेत. येते साली सोनाबाईची सून जयवंता, धाऊची सून व गावातील आणखी काही बायका बाळंत होणार नाहीत. सबब त्या वेळी हजर राहण्यासाठी नर्सबाईंस कर्जतेसच कायम ठेवण्याची मेहेरबानी व्हावी."