साडेतीनचा सा

दापोडीच्या चाळीत उद्धवमास्तरांनी वीस वर्षं कामगारांच्या पोरांना फुकट गाणं शिकवलं, पण पेटी घेणं काही जमलं नाही. साडेतीनला कंपनीचा भोंगा व्हायचा, त्याच्यावरच ते पोरांना सा लावायला सांगायचे. "एवढा मोठा तंबोरा हाय का कुणाकडं?" म्हणून वर हसायचे.

दिवाळीपासून मास्तर पिंपरीच्या दवाखान्यात पडून होते. ते काही आता घरी येणार नव्हते. तिथवर भोंगा पोचत नसे. म्हणून उशाशी बसलेल्या शैलाला, त्यांच्या सगळ्यांत जुन्या शिष्येला, ते रोज विचारायचे, "झाला का गं भोंगा? बसली का पोरं?"

"झाला, मास्तर. बसली."

आज मात्र ते म्हणाले, "मग त्याचा सा दे बघू."

शैलाने दिला. मास्तरांनी डोळे मिटून ऐकला.

"उतरलाय. लई दिवसांत भोंगा ऐकलेला न्हाई तू. कंपनीला टाळं लागलं व्हय?"

"हो, मास्तर."

"आन् वर्ग?"

"वर्ग मी घेते ना, मास्तर."

"मग आता तुझ्याच गळ्यावर सूर धरणार की पोरं! पुन्हा लाव. थरथरू दिऊ नगंस."

चाळीतलं शेवटचं लेकुरवाळं बिऱ्हाड परवाच गावी निघून गेलं होतं.

शैलाने सा लावला. या खेपेला तो जराही हलला नाही.