भिंतीतलं भोक

शालनने आजही अर्धं लिंबू भिंतीवर पिळलं. तिचा नवरा आणि दीर या दोघा भावांनी भांडून घराच्या मधोमध भिंत घातली होती, तीही भेगा आपोआप बुजवणाऱ्या सिमेंटची. गुहेत वर्षानुवर्षं साचणारं कॅल्साइट, म्हणजे चुनखडीचा खडा, या सिमेंटमधले जिवाणू एका रात्रीत रचत. जावेशी बोलायला शालनने लिंबाच्या आंबट रसाने विरघळवून पाडलेलं भोक रोज सकाळी बंद!

"मेले हे जिवाणू, घरातल्या पुरुषांसारखेच हट्टी!" ती करवादली.

मग नवरा तापाने खोकत पडला. आठ दिवस तिला भिंतीकडे बघायलाही फुरसत नव्हती. नवव्या दिवशी पाहिलं, तर भोक उघडंच.

"रेवती, तू लिंबं पिळलीस?"

"मी कशाला? तुमच्या दिरांनी," पलीकडून जाऊ वैतागून म्हणाली. "दादाचा खोकला ऐकायचा असतो म्हणे. दारातून जाऊन विचारा म्हटलं, की अंगावर येतात!"