दोन फोडी

"तुमच्या आईंना रोज आंब्याच्या दोन फोडी चालतील. तेवढ्या कॅलरी पोळीतून कमी करा. फळं बंद करायला सांगितलं कुणी?" आहारतज्ज्ञ बाईंनी विचारलं.

मी मान खाली घातली. आईला मधुमेह निघाल्यापासून फळांच्या कॅलरींचा तक्ता मीच फ्रिजवर चिकटवला होता. आंब्याभोवती लाल गोल. तिनं फोड उचलली की मी नुसता तक्त्याकडे बघायचो आणि ती मुकाट्यानं परत ठेवायची. तीन उन्हाळे.

येताना हापूस घेतला. स्वतः चिरून दोन फोडी बशीत तिच्यापुढे ठेवल्या.

तिनं डोळे मिटून वास घेतला आणि बशी माझ्याकडे सरकवली.

"अरे, माघात काशीला गेले ना, तिथं एक आवडतं फळ जन्मभरासाठी सोडायचं असतं. बाकीच्या बायकांनी नावडतीच सोडली, कुणी पपई, कुणी फणस. मी आंबा सोडला. म्हटलं, नाहीतरी तू खाऊ देत नाहीसच, निदान पुण्य तरी पदरात पडेल. तू खा, वाया नको घालवू."

मी फोड तोंडात घातली.

माझ्याकडे एकटक बघत तिनं विचारलं, "गोड आहे ना रे?"