थोडी ठेवलीय

सर्जन ऑपरेशन थिएटरच्या दारातून बाहेर आला, तशी बाकावरची दोघंही उभी राहिली. आत त्यांची दोन वर्षांची लेक होती.

"काढली सगळी?" बापाने विचारलं.

"नाही. थोडी ठेवलीय."

बापाचा चेहरा पडला. सहा महिन्यांपूर्वी याच दारात याच माणसाने सांगितलं होतं, साधी गाठ आहे, मुळासकट काढली, आता निर्धास्त राहा. आई कपडे शिवायची. पोरीच्या फ्रॉकच्या बाहीचं माप घेताना गाठ तिच्या पुन्हा हाताला लागली. तेव्हा गोटीएवढी होती. आता मनगटापासून कोपराजवळ पोहोचलेली.

"ठेवलीय म्हणजे? कॅन्सर नाही म्हणालात ना तुम्ही!"

"नाहीच आहे. शरीरात दुसरीकडे कुठे जाणार नाही ती. पण इतक्या लहान मुलांत अशी साधी गाठही कधीकधी चेकाळते. बोटांच्या नसेला विळखा घालून बसली होती. सगळी काढायची तर नस कापावी लागली असती. हात उभा जन्म लुळा राहिला असता."

"म्हणजे मागच्या वेळी चुकलं तुमचं."

"मागच्या वेळी निर्धास्त राहा म्हणालो, ते चुकलं. आज नाही म्हणणार."

"आणि राहिलेली?" आईने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"दर दोन महिन्यांनी बघू. वाढली तर औषध सुरू करू. कधीकधी आपली आपण थांबतेसुद्धा."

"कधीकधी," बाप म्हणाला आणि मटकन खाली बसला.

तासाभराने आईला आत बोलावलं. पोर जागी होऊन रडून लाल झाली होती. हाताला जाडजूड बँडेज, पुढे सुजलेली पाच बोटं.

"बोटं हलतात का बघायचंय," नर्स म्हणाली. "बाळा, मूठ मिटून दाखव बरं."

पोरीने तिच्याकडे बघितलंही नाही. आई जवळ घ्यायला वाकली, तर तिने त्याच हाताने आईचे केस पकडले आणि रागारागाने हिसडा दिला. नर्स सोडवायला धावली.

"राहू दे सिस्टर," आई तशीच वाकून म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "ओढ गं माझे बाई. अजून जोरात ओढ."